मजकूर आत सुरक्षित आहे

त्या दिवशी मी हवेत होते, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं ऐकताना कुणाला माझी कीव यायला नको.

आमचं ऑफिस म्हणजे दातांच्या दवाखान्याच्या डोक्यावरच्या तीन खोल्या. खालून ड्रिलची घरघर येत असते आणि वर आम्ही लोकांच्या वेबसाइटी दुरुस्त करत बसलेले असतो. मी तिथली अक्षरांची डॉक्टरीण. कुणाच्या पानावर नावागावाच्या जागी टोप्या घातलेले इंग्रजी ए दिसायला लागले, की फोन माझ्याकडे. मी विचारते, "सर्व्हर बदललात का?" समोरचा म्हणतो, "हो, तुम्हाला कसं कळलं?" कसं कळलं म्हणे! इतकी वर्षं दुसरं केलंय काय मी?

वृद्धाश्रमाचं काम असंच आलं. तिथे निरनिराळ्या भाषा बोलणारी म्हातारी माणसं राहतात, आणि त्यांना सांभाळणाऱ्या सिस्टर भलत्याच भाषेच्या. औषधं, पथ्यं वगैरे सगळं वेगळ्या जागी नोंदलेलं असतं. पण प्रत्येकाचं आणखी एक पान होतं, 'घरून' नावाचं. घरच्यांनी आपल्या माणसासाठी आपल्या भाषेत हवं ते लिहायचं. खाली 'ऐका' असं बटण. सिस्टरला लिपी येवो न येवो, तिने ते दाबायचं, की मशीन तो मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचं. घरच्यांचा आवाज रेकॉर्ड करायची सोयही करणार होते, पण ते आज करू उद्या करू म्हणता राहून गेलं.

तर त्यांनी सर्व्हर बदलला आणि सगळ्या 'घरून' पानांचा चुथडा झाला.

हे का होतं ते थोडक्यात सांगते. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडे कळतात. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, याचे तक्ते असतात. एका तक्त्याने लिहिलं आणि दुसऱ्याने वाचलं, की पानभर किडामुंगी. पण किडामुंगीला मी घाबरत नाही. तिच्यात मूळ आकडे शाबूत असतात. योग्य तक्ता लावला की अक्षरं परत येतात. घाबरायचं ते प्रश्नचिन्हाला. ज्या तक्त्यात आपलं अक्षरच नाही, त्यात ते कोंबायला गेलात, तर मशीन त्या जागी एक प्रश्नचिन्ह ठेवतं आणि मूळ आकडा फेकून देतं. मग तो कुणाच्या बापाला परत आणता येत नाही. हे वाक्य मी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी ऐकवते, बोट नाचवून.

मी सगळ्या पानांची एक नक्कल उतरवून घेतली आणि तिच्यावर माझा प्रोग्राम तपासायला घेतला. तपासायला एक नमुन्याचं पान लागतं. मी निवडलं ते, आश्रमात ज्यांना लिफ्टवाले काका म्हणतात, त्यांचं. एक तर ते आपल्या भाषेतलं, म्हणजे माझ्या डोळ्यांना सोपं. शिवाय चांगलं लांबलचक, आणि जोडाक्षरांनी खचाखच भरलेलं. प्रोग्राम चालवायचा, पान उघडायचं, रफार जागेवर बसलाय का, क्ष फुटलाय का, वेलांटी पळून तर नाही गेली, हे बघायचं, की बंद. पुन्हा बदल, पुन्हा चालव, पुन्हा उघड. ते पान मी इतक्यांदा उघडलं की आमचे साहेब एकदा जाता जाता म्हणाले, "काय, पाठ करतेस की काय?"

माझ्या शेजारच्या टेबलावर मौनीबाबा बसतो. हे नाव मीच ठेवलंय; त्याला आपली लिपी येत नाही, तक्ते मात्र तोंडपाठ. दिवसभरात दहा वाक्यं बोलला तर देव पावला म्हणायचं. पण त्या आठवड्यात तो माझ्याशी दोनदा आपणहून बोलला.

एकदा म्हणाला, "लिफ्टवाल्या काकांचं पान मी तिकडे खऱ्या साइटवर हाताने तक्ता लावून नीट केलंय. त्यांची मुलगी फार मागे लागली होती. तू प्रोग्राम चालवशील तेव्हा ते वगळ." तेच त्याने मेसेजमध्येही लिहिलं. मी त्यावर अंगठ्याची खूण पाठवून मोकळी झाले. वाचलं असेल, नसेल.

दुसऱ्यांदा, मी खऱ्या साइटचा बॅकअप घेतल्यावर, म्हणाला, "बॅकअप घेतलास, तो उघडून बघितलास का?"

"अरे बाबा, बॅकअप म्हणजे बॅकअप! मला शिकवतोस?" मी फणकाऱ्याने म्हटलं. त्याला गप्प बसवणं काही कठीण नाही.

दुपारचं जेवण झाल्यावर मी खऱ्या साइटवर प्रोग्राम सोडला. बघता बघता पानं उजळायला लागली. कुठली कुठली लिपी, उजवीकडून डावीकडे जाणारी, गोल गोल, उभी, सगळ्या आपापल्या जागी. साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि केक मागवला. मी रुबाबात नक्कल पुसून टाकली. काम झालं की खरकटं ठेवायचं नाही, ही माझी शिस्त. जुना सर्व्हर तर आधीच परत गेला होता.

केकचा तुकडा तोंडात असतानाच आश्रमाच्या मेट्रनबाईंचा फोन आला. त्यांना आपली भाषा येत नाही, आमचं सगळं इंग्रजीतून.

"मॅडम, बाकीचं सगळं झकास झालंय हो. फक्त लिफ्टवाल्या काकांच्या पानावर नुसती प्रश्नचिन्हं आहेत. आणि 'ऐका' दाबलं तर मशीन 'प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्ह' असंच म्हणत सुटलंय. आमच्या सिस्टरला काही कळलं नाही, तिने अख्खं वाजू दिलं. काका बिचारे ऐकत होते."

मी घास गिळला आणि म्हणाले, "काही घाबरू नका. नुसता दिसण्याचा प्रॉब्लेम आहे. मजकूर आत सुरक्षित आहे."

हे वाक्य माझ्या तोंडात बसलेलं आहे. रोज म्हणते, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण त्या वेळी मी ते काही न बघता म्हणाले.

मग बघितलं. मौनीबाबाने नीट केलेलं पान माझ्या प्रोग्रामने बिघडलेलं समजून पुन्हा 'नीट' केलं होतं. चांगली अक्षरं उचलून त्या जुन्या, तोकड्या तक्त्यात कोंबली होती. बॅकअप उघडला. बॅकअपही मी त्याच जुन्या तक्त्याने घेतला होता. किडामुंगीची पानं त्यात धडधाकट, आणि जे एक पान आधीच नीट होतं त्याची तिथेही प्रश्नचिन्हं. ओळींमागून ओळी. मधले स्वल्पविराम तेवढे जिवंत राहिले होते.

साहेबांनी विचारलं, "काय झालं गं?"

मी म्हणाले, "मधल्या मधे ते पान कुणीतरी हाताने बदललं होतं. मला त्याची कल्पना नव्हती."

कुणीतरी! तो कुणीतरी माझ्यापासून हातभर अंतरावर बसला होता. साहेब त्याच्याकडे वळले, "अरे, सांगायचं नाही का?" मौनीबाबाने माझ्याकडे एकदा बघितलं. मला वाटलं, आता मोबाइल काढेल आणि माझा तो अंगठा साहेबांच्या नाकासमोर धरेल. मी असते तर धरला असता. तो नुसतं "हं" म्हणाला आणि खुर्ची वळवून कामाला लागला. मी केकची ताटली उचलून आत गेले आणि नळ सोडून उगाच ती घासत बसले.

त्यानंतर मी काय काय केलं नाही! पुसलेली डिस्क उकरून बघितली. सर्व्हरवाल्यांचे पाय धरले, जुनं मशीन मिळेल का म्हणून. त्यांनी ते धुऊन पुसून दुसऱ्याला दिलेलं. आश्रमातले सगळे टॅब मागवून घेतले, कुठे त्या पानाची एखादी जुनी सावली राहिली असेल म्हणून. काही नाही. आणि या सगळ्या काळात मेट्रनबाई फोन करायच्या, आणि मी म्हणायची, "काम चालू आहे. मजकूर आत आहे, काढायला वेळ लागतोय." पुढे पुढे तर त्यांचा नंबर दिसला की मी फोन उलटा ठेवायला लागले. मग त्या ऑफिसच्या फोनवर करायच्या, आणि तो मौनीबाबा उचलायचा. त्याला खोटं बोलता येत नाही. तो म्हणायचा, "त्या सांगतील तुम्हाला."

घरी मी आधीच बढाया मारून ठेवल्या होत्या. एका फटक्यात शेकडो म्हाताऱ्यांची पानं नीट केली, एका लिफ्टवाल्या काकांचं तेवढं राहिलंय वगैरे. त्यामुळे सासूबाईंना सगळं माहीत. भाजी निवडता निवडता त्या रोज विचारायच्या, "झालं का गं त्या लिफ्टवाल्यांचं?" एक दिवस मी चिडून म्हणाले, "नाही झालं, आणि होणारही नाही, सारखं सारखं विचारू नका!" नवरा वर्तमानपत्रातून डोकं काढून बघायला लागला.

सासूबाईंचा हात थांबला. "होणार नाही, हे त्यांना सांगितलंस?"

"नाही."

"म्हणजे तो माणूस रोज वाट बघतोय?"

"आई, तुम्हाला त्यातलं कळत नाही."

"कॉम्प्युटरमधलं नाही कळत," त्या म्हणाल्या. "वाट बघण्यातलं कळतं." आणि निवडलेली भाजी उचलून आत गेल्या. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, पुन्हा वर्तमानपत्रात शिरला. तेवढं त्याला छान जमतं. मी ऑफिसला न जाता तडक आश्रमात गेले.

लिफ्टवाल्या काकांविषयी मला तोवर कामापुरतंच माहीत होतं. मेट्रनबाई जिना चढताना उरलेलं सांगत होत्या आणि मला वाटत होतं, यांनी गप्प बसावं. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस. अर्ध्या अंगावरून वारं गेलं आणि वाचा गेली. समजतं मात्र सगळं. बायको गुडघ्यांनी अधू, तिला घरचा जिना उतरवत नव्हता, इथला चढवत नव्हता. म्हणून ती घरी बसून एका बोटाने 'घरून'चं पान लिहायची. रोज थोडं थोडं, आधीच्याच्या खाली. संध्याकाळी सिस्टर बटण दाबायची आणि काका डोळे मिटून ऐकायचे. तीन महिन्यांपूर्वी ती झोपेतच गेली. पान तेवढं राहिलं. तेव्हापासून काका रोज संध्याकाळी तेच ऐकायचे, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"आमच्यापैकी कुणाला ती भाषा येत नाही ना," मेट्रनबाई म्हणाल्या. "पण ते ऐकल्यावर काका शांत झोपायचे. आता जरा त्रास देतात."

खोलीत एक पलंग, खिडकीशी चाकाची खुर्ची, तिच्यात काका. अंगावर इस्त्रीचा शर्ट, दाढी कुणीतरी नीट केलेली. त्यांची मुलगी स्टुलावर बसून त्यांची नखं कापत होती. ती शाळेची बस चालवते. दोन फेऱ्यांच्या मधे आलेली, अंगात ड्रायव्हरचं जाकीट. मी कोण ते कळताच ती उठली, कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि हाताने पुसून माझ्यासमोर ठेवली.

"बसा मॅडम. मेट्रनबाई सांगत होत्या, तुम्ही अगदी जीव तोडून काम करताय. बाबा, ह्या त्या मॅडम. आईचं लिहिलेलं काढून देणाऱ्या."

काकांनी चांगला हात उचलून कपाळापाशी नेला. नमस्कार केला हो त्यांनी मला.

मी बसले नाही. म्हणाले, "ताई, बाहेर येता का जरा?"

"इथेच बोला ना. बाबांपासून काही लपवत नाही आम्ही."

मग उभ्यानेच बोलले. इकडचं तिकडचं लावायला सुरुवात केली, तक्ते आणि सर्व्हर, आणि मधेच माझा मलाच वीट आला. "ताई, ते गेलंय. परत येणार नाही. पहिल्याच दिवशी गेलं, माझ्या हातून. मला त्याच दिवशी कळलं होतं."

तिला आधी समजलंच नाही. "पण तुम्ही तर म्हणालात, आत आहे म्हणून."

"खोटं बोलले."

तिच्या हातात नेलकटर होतं. ते तिने मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं. "मी रोज येऊन बाबांना सांगत होते," ती म्हणाली. "बाबा, आईचं आत आहे, फक्त वर यायचंय. रोज! सकाळची फेरी संपवून यायचे, ते एवढंच सांगायला. आणि तुम्ही तिकडे..." मला वाटत होतं, हिने एक ठेवून द्यावी माझ्या तोंडात. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण ती बिचारी रागवायलाही नीट शिकली नसावी. डोळे पुसले आणि एकदम तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं.

"पण तुम्ही बघितलं होतं ना ते पान? मेट्रनबाई म्हणाल्या होत्या, तुम्ही आईच्याच पानावर सगळं तपासलंत म्हणून."

"हो."

"पुन्हा पुन्हा उघडलं असेल."

"हो."

"मग सांगा ना काय होतं ते! तुमची-आमची भाषा एकच. मी कधी पूर्ण वाचलं नाही हो. आई म्हणायची, तुझं काय काम त्यात, आमचं नवराबायकोचं आहे. मला फक्त मशीनचं लांबून कानावर पडायचं. जेवढं आठवेल तेवढं सांगा. मी बाबांना म्हणून दाखवीन. रोज म्हणीन."

काकांनी मान माझ्याकडे वळवली. अर्धा चेहरा हलत नव्हता, पण डोळे असे लावून बसले होते की मला खिडकीकडे बघावं लागलं.

मी आठवायला लागले. पहिल्या ओळीत र्‍य होता, नीट बसलेला. तिसऱ्या ओळीत ष्ट आणि लगेच पुढे क्ष. मधे एक ठिकाणी रफार एक अक्षर पुढे सरकत होता, त्याच्यासाठी मी अख्खी सकाळ घालवली होती आणि शेवटी त्याला जागेवर आणला होता. कुठल्या शब्दातला रफार? तो शब्द कुठल्या वाक्यातला? त्या बाईने नवऱ्याला काय सांगितलं होतं त्या वाक्यात? डोकं फुटायची वेळ आली. अक्षरं सगळी डोळ्यांसमोर होती आणि शब्द एकही नव्हता.

आणि मग, हे सांगताना अजून जीभ जड होते, मी ठरवलं की काहीतरी रचून सांगावं. कोण पकडणार होतं मला? मुलीने वाचलेलं नाही, सिस्टरना भाषा येत नाही, काकांना बोलता येत नाही. म्हातारी बायको म्हाताऱ्या नवऱ्याला काय लिहिणार, ते काय ठाऊक नाही मला? बरं वाटेल बिचाऱ्यांना, असंही मनात आलं. पण खरं सांगायचं तर मला स्वतःला सुटायचं होतं.

"त्यांनी लिहिलं होतं," मी म्हणाले, "की काळजी करू नका. मी आहे. वेळेवर जेवत जा."

मुलीने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. "ऐकलंत बाबा?"

काकांनी मान हलवली. नाही.

मुलगी वाकून बघायला लागली. "नाही, बाबा? असं नव्हतं?"

नाही. पुन्हा तीच मान, सावकाश, इकडून तिकडे. रागाने नव्हे. एखाद्याने चुकीचा मजला सांगावा आणि आपण समजुतीने म्हणावं, हा नव्हे हो, तसं. तेव्हा मला कळलं की ते पान कुठेच हरवलेलं नाही. ते समोरच्या खुर्चीत बसलंय, पहिल्यापासून शेवटपर्यंत, शब्द न् शब्द, आणि त्याला ते सांगता येत नाही. अख्ख्या जगात दुसरं कुणी सांगू शकलं असतं तर ती मी होते.

काकांनी चांगला हात थोडा वर उचलला आणि पंजा हळूच खालीवर केला. घाई नाही. आठवा सावकाश. त्यांना वाटत होतं, माझी जराशी गल्लत झालीय आणि आता पुढचं मला बरोबर आठवेल. मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला तसं वाटत नव्हतं. तिला कळलं होतं. पण तिने ते माझ्यावर सोडलं.

मी त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसले, म्हणजे त्यांना मान वर करावी लागू नये.

"काका, आत्ता जे सांगितलं ते मी बनवून सांगितलं," मी म्हणाले. "मी तुमचं पान वाचलंच नव्हतं. अक्षरं नीट दिसतात का, तेवढंच बघत होते."

त्यांचा हात हवेतच होता. तो त्यांनी थोडा वेळ तसाच धरला, मग मांडीवर ठेवला, आणि मान खिडकीकडे वळवली.